'ती' सहल अखेर रद्द

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर वाचा. यात कुणाची बदनामी करायची नाही. झालीच तर माझी होईल, आणि ती व्हायला नऊ वर्षं उशीर झालाय.

आमच्याकडे पेपरचं पार्सल पहाटे साडेचार-पाचला एसटी स्टँडवर उतरतं. बातमीदाराने तिथं जायची काही गरज नसते, पण वीस वर्षांची सवय आहे. गठ्ठा फोडायचा, आपली बातमी कुठल्या पानावर लागली ते बघायचं, डेस्कने कापली असेल तर दोन शिव्या घालायच्या, चहा घ्यायचा आणि घरी येऊन परत आडवं व्हायचं. डिसेंबर लागला की त्या वेळेला स्टँडवर आणखी एक गर्दी असते. सहलीची.

मागच्या आठवड्यात दोन सहली एकदम निघाल्या होत्या. एका हायस्कूलच्या दोन लालपऱ्या फलाटाला लागलेल्या. स्वेटर, कानटोप्या, खांद्याला कापडी पिशव्या, आणि खिडकीतून पुन्हा पुन्हा तेच सांगणाऱ्या आया. "डब्यातली चटणी आधी खा", "खिडकीच्या बाहेर हात काढू नको", "सरांचा हात सोडू नको". ड्रायव्हरने चाकापुढं नारळ फोडला. आतून "छत्रपती शिवाजी महाराज की..." आणि अख्खा स्टँड हादरेल असा "जय". रस्त्याच्या पलीकडं एका इंग्लिश स्कूलची ट्रॅव्हल्सची गाडी उभी होती. निळे लाइट, सगळ्यांना एकसारख्या टोप्या, प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड. ही मंडळी निघाली होती वॉटर पार्कला. डिसेंबरच्या थंडीत. असो.

मी चहाचा कप धरून बघत उभा होतो. शेजारी पार्सलचे गठ्ठे मोजणारा पोरगा, महिनाभरापूर्वीच लागलाय या कामाला, एकवीस-बावीस वर्षांचा असेल, मान वर न करता म्हणाला,

"सर, आमची सहल तुमीच बंद पाडली व्हती की."

मी म्हटलं, कुठली रे?

त्याने शाळेचं नाव सांगितलं. मला दोन सेकंद लागले. मग आठवलं. सगळं आठवलं.

*

जानेवारी २०१७. जिल्हा आमचा, बीड. तालुक्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. शाळेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचंय त्यांना कळेल. तिथल्या सरांनी एक दिवसाची सहल ठरवली होती. दौलताबाद, वेरूळ, परतताना बीबी का मकबरा आणि पाणचक्की. पहाटे चारला निघायचं, रात्री दहापर्यंत परत. ४४ लेकरं, सर, एक बाई आणि मदतीला अंगणवाडीच्या ताई. माणशी ४५० रुपये.

एका शुक्रवारी दुपारी मला फोन आला. फोन करणारा गावातलाच, शाळा व्यवस्थापन समितीत असलेला. फेब्रुवारीत जिल्हा परिषदेच्या निवडणुका होत्या आणि गावात दोन गट होते, हे मला माहीत होतं. सर दुसऱ्या गटाच्या लोकांत उठतात-बसतात, हेही माहीत होतं. तो म्हणाला, "परवा सहल निघालीय. परवानगी नाही. काही झालं तर जबाबदार कोण? तुमी पत्रकार लोक झोपलाव का?"

मी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "आमच्याकडून अशी कोणतीही परवानगी दिलेली नाही. चौकशी करून कारवाई करू." झालं. बातमी तयार. सरांना एक फोन लावला. रेंज नव्हती. दुसरा लावला नाही. बातमीच्या शेवटी आमचं ठरलेलं वाक्य टाकलं: 'मुख्याध्यापकांशी संपर्क साधला असता संपर्क होऊ शकला नाही.'

शनिवारी चार कॉलम लागली. 'विद्यार्थ्यांच्या जिवाशी खेळ. विनापरवाना सहलीचा घाट'. आत एक चौकट: 'मुरूडची पुनरावृत्ती होणार का?'

मुरूडचं ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर गेली होती. १४ विद्यार्थी समुद्रात बुडून गेले. त्यानंतर राज्यभर सहलींच्या नियमांचा फास आवळला गेला. त्या घटनेला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे 'मुरूड' हा शब्द टाकला की बातमीला वजन यायचं. वेरूळला समुद्र नाही, हे त्या रात्री मलाही सुचलं नाही आणि डेस्कलाही.

शनिवारी दुपारीच वरून फोन फिरले. संध्याकाळी सहल रद्द. रविवारी, म्हणजे ज्या दिवशी पहाटे चारला गाडी निघायची होती त्या २२ जानेवारीला, आमच्या पेपरात दुसरी बातमी होती. 'बातमीचा दणका : 'ती' सहल अखेर रद्द'. जिल्हा कार्यालयातून साहेबांचा फोन आला, "छान काम केलंस." मी ते कात्रण काढून फाइलला लावलं. अजून आहे.

*

स्टँडवर मी त्या पोराला चहा सांगितला. नाव लिहीत नाही त्याचं. तो बोलत गेला, तक्रारीच्या सुरात नाही, जुनी गोष्ट सांगावी तसा.

त्याचे आई-बाप तेव्हा उसाला गेलेले, सांगलीकडं. आमच्या भागात दिवाळी झाली की गावं अर्धी रिकामी होतात. कारखान्यांचे पट्टे पडले की मुकादमाच्या गाड्या येतात आणि नवरा-बायकोचा एकेक 'कोयता' फडावर जातो, तो मार्च-एप्रिलला परत येतो. लेकरं एकतर सोबत जातात आणि शाळा सुटते, नाहीतर आजीजवळ राहतात आणि शाळेतल्या हंगामी वसतिगृहात जेवतात. हा आजीजवळ होता. सातवीत.

४५० रुपयांसाठी त्याने आईला मुकादमाच्या मोबाइलवर फोन केला होता. नोटाबंदीला अडीच महिने झालेले, गावात सुट्टे पैसे दिसत नव्हते. आईने फडावरून गावाकडं येणाऱ्या एका टायरगाडीवाल्याबरोबर पैसे पाठवले. संमतीपत्रावर आजीचा अंगठा. "आजीला वाटलं बँकेचा कागद हाय, ती अंगठा द्यायलाच तयार न्हाई. सरांनी घरी येऊन समजावून सांगितलं."

शनिवारी संध्याकाळपर्यंत आजीने पुऱ्या तळल्या होत्या. चिवडा केला होता. नवा ड्रेस नव्हता म्हणून शाळेचाच धुऊन उशाखाली घडी करून ठेवला होता, म्हणजे इस्त्री होती. रात्री आठला सर मोटारसायकलवर आले आणि एकेका घरी सांगत गेले.

मी विचारलं, मग काय केलंस?

"काय करायचं? पुऱ्या खाल्ल्या."

मग तो हसला. पुढं आठवीला तालुक्याच्या हायस्कूलला आला. तिथली सहल कोकणात, तीन दिवसांची, अठराशे रुपये. घरी विचारलंच नाही. दहावीनंतर दोन हंगाम स्वतः कोयत्यावर गेला. सांगली, कोल्हापूर, एकदा कर्नाटकात बेळगावकडं.

"फिरलो लई, सर. सहलीला तेवढं न्हाई गेलो."

वेरूळ आमच्यापासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. त्याने अजून पाहिलेलं नाही.

*

आता माझी बाजू मांडतो, म्हणजे मला स्वतःला माफ करायचंय असं समजू नका.

मी स्वतः सातवीत असताना, १९९१ च्या डिसेंबरात, याच रस्त्याने सहलीला गेलो होतो. वडील मोंढ्यात हमाली करायचे. सहलीचे ५५ रुपये होते आणि घरात नव्हते. आमच्या वर्गशिक्षकांनी यादीत माझं नाव लिहिलं आणि म्हणाले, "नंतर दे." ते 'नंतर' कधी आलंच नाही. त्यांनी मागितले नाहीत, मी दिले नाहीत.

त्या सहलीतलं मला काय आठवतं? बीडच्या पुढं निम्मी गाडी ओकत होती आणि सर लिंबाच्या फोडी वाटत होते. दौलताबादच्या अंधारीत वाटाड्याने पलिते विझवले आणि आमच्या वर्गातला सगळ्यात दांडगट पोरगा माझा सदरा धरून रडला. आणि वेरूळचं कैलास लेणं. सोळा नंबर. सरांनी आम्हाला आधी खाली नेलं नाही. बाजूच्या चढणीने वरच्या कडेला नेलं, तिथून खाली बघायला लावलं आणि विचारलं, "हे बांधलंय का कोरलंय?" आम्ही म्हणालो, बांधलंय. ते म्हणाले, "एक दगड दुसऱ्यावर ठेवलेला नाही. डोंगर वरून खाली कोरत आणलाय. आठव्या शतकात. चुकला असता एखादा, तर खोडरबर नव्हता." आम्ही गप्पच झालो.

घरी आल्यावर 'माझी सहल' निबंध लिहायचा होता. मी सात पानं लिहिली. सरांनी तो निबंध सगळ्या वर्गात वाचून दाखवला. पुढं बी.ए. झालो, पत्रकारितेची पदविका केली, पेपरात चिकटलो. लोक विचारतात लिहायला कधी लागलात. त्या सात पानांपासून लागलो.

आणि त्याच वेरूळची सहल मी ४४ लेकरांची बंद पाडली.

बातमी खोटी नव्हती. परवानगी नव्हतीच. पण खरी माहिती अर्धी दिली की काय होतं, हे मला पत्रकारितेच्या वर्गात शिकवलं होतं, आणि एक फोन जास्त लावायचा कंटाळा मी केला.

*

परवा रविवारी सरांकडे गेलो. मागच्या वर्षी निवृत्त झालेत. तालुक्यातच नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलंय. मला बघून ओळखलं, आत घेतलं, बायकोला चहा टाकायला सांगितला. मी विषय काढला तर म्हणाले, "थांबा." आत गेले आणि एक प्लास्टिकची फाइल घेऊन आले. त्यातून एक कागद काढला.

सहलीच्या परवानगीच्या प्रस्तावाची पोच. कार्यालयाचा गोल शिक्का. तारीख २८ डिसेंबर २०१६.

सहल होती २२ जानेवारीला. मध्ये पंचवीस दिवस. पंचवीस दिवस तो प्रस्ताव टेबलावर पडून होता. निवडणुकीची आचारसंहिता लागली, साहेब ट्रेनिंगला, क्लार्कची ड्यूटी दुसरीकडं. 'परवानगी दिलेली नाही' असं कार्यालयाने मला सांगितलं, ते शंभर टक्के खरं होतं. 'प्रस्ताव आमच्याकडंच पडून आहे' हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सर म्हणाले, "मी तीन चकरा मारल्या. प्रत्येक वेळी उद्या या. इकडं एसटीचे पैसे आधी भरावे लागतात, आणि ती तारीख गेली असती तर पुढं गाडीच मिळत नव्हती. म्हणून मी भरले. परवानगी हातात नसताना गाडी ठरवली ही माझी चूक, ती मी खुलाशातही मान्य केली."

खुलासा, मग सक्त ताकीद, सेवापुस्तकात नोंद. तीस वर्षांच्या नोकरीत ती एकच.

मी माफी मागितली. कशी मागायची असते ते माहीत नव्हतं, जमेल तशी मागितली. ते म्हणाले, "तुमची एक चूक झाली. माझी त्यानंतर सात वर्षं झाली. मी पुन्हा सहल काढलीच नाही. भीती बसली. लेकरं विचारायची, मी म्हणायचो पुढच्या वर्षी. कोरोना आला तेव्हा खरं सांगतो, बरं वाटलं, कारण मिळालं."

मग थोडं थांबून म्हणाले, "पैसे परत करायला गेलो तेव्हा एका आजीबाईने घेतले नाहीत. म्हणाल्या, तुमच्याकडंच राहू द्या, पुढच्या वर्षी पोरीला न्या. पोरगी सातवीत होती. पुढच्या वर्षी आमच्या शाळेत नसणार, हे त्यांना कळत नव्हतं. मी दोनदा जाऊन पैसे दिले तेव्हा घेतले. त्या पोरीने आठवीला नाव घातलं नाही. उसाला गेली आई-बापासोबत. पुढच्या हंगामात लग्न लावून दिलं."

चहा आला. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

*

आता सार्वजनिक बोलायचं ते बोलतो. कारण हे फक्त माझ्या एका बातमीचं नाही.

नियम नकोत असं मी म्हणत नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ज्यांची लेकरं गेली त्यांच्यापुढं उभं राहून 'नियम कमी करा' म्हणायची माझी छाती नाही. पण एक गोष्ट डोक्यात घ्या. असल्या दुर्घटना होतात त्या बोटीत, पाण्यात, दमलेल्या ड्रायव्हरच्या हातात. तिथं कोण तपासतं? आपण तपासतो ते फाइल. संमतीपत्र, हमीपत्र, याद्या, प्रथमोपचार पेटी, मुली असतील तर महिला शिक्षक. सगळं बरोबरच आहे, हवंच. पण तो गठ्ठा कार्यालयात गेला की तिथल्या माणसावर कुठलीच मुदत नसल्यासारखं चालतं. सही केली आणि काही झालं तर नाव येणार. सही नाही केली तर काहीच होत नाही. मग कोण करेल?

आणि शिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सहल काढली नाही तर कुणी नोटीस देत नाही. काढली तर चाळीस लेकरं मोजत दिवसभर फिरायचं. गाडीत चढताना मोजायची, उतरताना मोजायची, लघवीला थांबलं की मोजायची. त्यात वरून माझ्यासारखा एखादा टपलेला.

गेल्या चार दिवसांत ओळखीच्या बऱ्याच जिल्हा परिषद शिक्षकांना फोन केले. बहुतेकांच्या शाळेची शेवटची सहल कोरोनाच्या आधीची. आता काय करता, विचारलं तर म्हणाले, परिसर भेट. पोस्ट ऑफिस, बँक, नर्सरी. एक जण म्हणाला, "आम्ही साखर कारखाना दाखवला." ऊसतोड कामगारांच्या लेकरांना साखर कारखाना. यावर मी काय लिहू?

उलट खाजगी शाळांच्या सहली जोरात आहेत. जाऊ द्या त्यांना, त्यांच्या लेकरांनी काय घोडं मारलंय? पण ज्या लेकराला बाप पुढं-मागं स्वतः गाडी करून वेरूळ दाखवणारच आहे, ते शाळेबरोबरही जातं. आणि ज्याला शाळेने नेलं नाही तर जन्मात कुणी नेणार नाही, त्याचीच शाळा सहल काढत नाही.

बरं, खर्च म्हणाल तर सरकारने दोन दारं उघडी ठेवलीत. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. पुरातत्त्व खात्याच्या वास्तू बघायला १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, मकबरा, सगळीकडं लेकरं फुकट आत जातात. म्हणजे जवळची सहल फार महाग पडत नाही. तरी जे पाच-सहाशे रुपये लागतात, तेवढ्यासाठी वर्गातली दहा-बारा लेकरं मागं राहतात. सहलीच्या दिवशी ती शाळेत आली तर वर्ग रिकामा, आणि नाही आली तर गैरहजेरी. दुसऱ्या दिवशी बाकीची लेकरं दिवसभर सहलीचंच बोलतात. हे ज्याने सोसलंय त्यालाच कळेल.

मला ज्या चार गोष्टी सुचतात त्या लिहितो. चुकत असेल तर कमेंटमध्ये सांगा, शिक्षक मित्रांनी तर जरूर सांगा.

एक. सहलीच्या प्रस्तावावर ठरलेल्या दिवसांत हो किंवा नाही लेखी मिळालं पाहिजे. नाही म्हणायचं तर कारण लिहा. 'उद्या या' हे उत्तर बंद करा.

दोन. आमच्या जिल्ह्यात तरी सहली डिसेंबर-जानेवारीत काढू नका. तेव्हा आई-बाप फडावर असतात, संमतीपत्रावर अंगठा आजीचा, आणि जी लेकरं सोबत गेली ती तर यादीतच नसतात. सप्टेंबर संपता संपता, कोयते जायच्या आधी काढा. पाऊस उघडत आलेला असतो, वेरूळचा डोंगर हिरवा असतो, आई-बाप गावात असतात. ते स्वतः स्टँडवर येऊन लेकराला गाडीत बसवतील. त्यांनाही ते बघायला मिळू द्या.

तीन. यादीतून पैशांमुळे एकही नाव गळता कामा नये. आपल्या गावांत सप्ताहाला, जत्रेला, जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते. मी देतो, तुम्हीही देता. त्यातून एका गाडीचे पैसे निघणं अवघड नाही. गावाने मनावर घेतलं पाहिजे. आणि देणाऱ्याने गाडीवर आपला बॅनर लावू नये, एवढी कृपा करावी.

चार. हे आम्हा पत्रकारांसाठी. 'विनापरवाना' लिहिण्याआधी परवानगी मागितली होती का आणि ती कुठं अडली, हे विचारा. बातमी तिथं असते. मी चुकीच्या टेबलाची बातमी केली.

*

हे सगळं मी आधी पेपरसाठी लिहिलं होतं. डेस्कवरून उत्तर आलं, "विषय जुना आहे, बातमीचं मूल्य नाही." त्यांचंही बरोबर असेल. म्हणून इथं टाकतोय. ज्या पेपरात सरांचं नाव खराब झालं त्यात दुरुस्ती छापून येत नाही, ती माझ्या भिंतीवर येतेय, याची मला लाज वाटते.

पहाटे त्या पोराला म्हटलं, चल, एक दिवस वेरूळला जाऊ. माझा खर्च. तो म्हणाला, "पार्सल कोण घेईल?" खरंय. पेपरला रोज पहाट असते. मग मीच डोकं लावलं. २६ जानेवारीला प्रेसला सुट्टी, म्हणजे २७ ला पेपर नाही, पार्सल नाही. दोघं मोकळे. ठरलं.

संध्याकाळी सरांना फोन करून सांगितलं, तुम्हीही चला. यावेळी मोजायला दोनच जण आहेत.

पलीकडं क्षणभर शांतता. मग सर म्हणाले, "२७ ला मंगळवार आहे. मंगळवारी वेरूळ बंद असतं. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. एवढंही माहीत नाही आणि सहल काढायला निघालात?"

आता तारीख सर ठरवणार आहेत. त्या दिवशीच्या पार्सलसाठी मी दुसरा माणूस बघतोय. कुणी पहाटे साडेचारला उठणारा असेल तर कळवा.